दोन खटके

गाडी चिखलात घालायच्या आधी जो माणूस ती धुऊन पुसून घेतो, त्याच्याशी बोलण्यासारखं माझ्याकडे फारसं काही नसतं. आमचे जावईबापू त्यातले. आठवडाभर ते एका कचेरीत संगणकावर तक्ते भरतात आणि रविवारी आपल्या मंडळाबरोबर डोंगरात जातात. मंडळाला काहीतरी इंग्रजी नाव आहे. मी त्याला चिखल मंडळ म्हणतो. वीस-पंचवीस जण चारही चाकांना ताकद जाणाऱ्या गाड्या घेऊन ओढ्यात उतरतात, अडकतात, एकमेकांना दोराने ओढून काढतात आणि मग पाठी थोपटतात. दोनशे पावलांवर पूल असतो.

मी चाळीस वर्षं गाड्यांचे आख, म्हणजे चाकांमधले दांडे, दुरुस्त केले. इंजिनवाले वेगळे, गिअरबॉक्सवाले वेगळे, मी आखवाला. माणूस गॅरेजात येऊन काय सांगतो ते मी कधी ऐकलं नाही, कारण माणसं खोटं बोलतात. मी चाक काढायचो, ब्रेकचा ड्रम उघडायचो आणि आत बघायचो. ड्रम उघडला की चालवणाऱ्याचा स्वभाव दिसतो. घाईचा, भित्रा, रागीट, दुसऱ्याची गाडी चालवणारा. माझा अंदाज कधी चुकला नाही असं मी सगळ्यांना सांगायचो.

आमची ही गुरांची डॉक्टर होती. ही म्हणजे माझी बायको. तिला जाऊन साडेचार महिने झाले, पण अजून तोंडात ‘ही’च येतं. बावीस वर्षं ही एकच गाडी घेऊन डोंगरातल्या नऊ वस्त्यांवर जात होती. अडलेली गाय, पोट फुगलेली शेळी, लसी, टाके. गाडीही तीच, डॉक्टरही तीच, दुरुस्त करणाराही मीच. आता मुलगी त्याच कामावर रुजू होणार होती. तीही गुरांचीच डॉक्टर झाली आहे. सोमवारपासून तिचा फेरा सुरू होणार होता, आईच्याच गाडीतून, आईच्याच वाटेने.

त्या वाटेवर एक तुकडा आहे, त्याला ही तिरपी म्हणायची. डोंगराच्या अंगावरून आडवी गेलेली वाट. एका बाजूला चढ, दुसऱ्या बाजूला घळ, आणि वाट स्वतः घळीकडे कललेली. तिरपी संपते तिथे झऱ्याचं पाणी साचून एक खड्डा झालेला आहे, गाडीच्या लांबीएवढा. त्यात वर्षभर चिखल. सातव्या वस्तीपासून पुढे जायचं तर तिरपीवरूनच जावं लागतं, पूल नाही, दुसरी वाट नाही.

म्हणून जावईबापूंच्या मनात आलं की गाडीला लॉक बसवायचं.

लॉक म्हणजे काय ते सांगतो. वळताना बाहेरच्या चाकाला लांबचा फेरा पडतो आणि आतल्याला जवळचा. दोन्ही चाकं एकाच वेगाने फिरली तर टायर घासतात आणि आख मोडतो. म्हणून आखाच्या मधोमध डिफरन्शियल असतो, तो दोन्ही चाकांना आपापल्या वेगाने फिरू देतो. त्याला एकच खोड. ज्या चाकाला फिरणं सोपं, ते फिरतं. एक चाक चिखलात गेलं की ते गरागरा फिरत राहतं आणि कोरड्या दगडावरचं चाक उभं राहून मजा बघतं. मोठ्या घरात कामाच्या वेळी असंच असतं. लॉक बसवलं की दोन्ही चाकं एकत्र बांधली जातात आणि मजा बघणाऱ्यालाही ओढावं लागतं.

एवढंच. पण हे सांगायला जावईबापू मला एका दुकानात घेऊन गेले.

दुकान काचेचं होतं. आत वंगणाचा वास नव्हता, अत्तराचा होता. मधल्या टेबलावर एक कापलेला डिफरन्शियल ठेवलेला, आतून निळे दिवे लावलेले, आणि छोट्या मोटरीवर तो हळूहळू फिरत होता, लग्नातल्या नवरीसारखा सगळ्या बाजूंनी दिसावा म्हणून. दुकानदाराला चिखल मंडळात प्रोफेसर म्हणतात. त्याचे हात मी आधी बघितले. नखं गुलाबी होती.

“काका, तुमची गाडी म्हणजे सोनं,” प्रोफेसर म्हणाला. “पण आतून ओपन आहे. एक चाक सुटलं की खेळ खल्लास.”

“असं होय,” मी म्हणालो.

जावईबापू खोकले. मी कोण आहे हे त्यांनी सांगितलं नव्हतं, आणि आता सांगावं की नाही ते त्यांना ठरवता येत नव्हतं. कोपऱ्यातल्या सोफ्यावर मंडळाचे दोन सभासद बसले होते. दोघांच्याही अंगात खूप खिसे असलेली जाकिटं आणि खिशांत काही नाही.

“आता बघा,” प्रोफेसरने बोटांवर मोजायला सुरुवात केली. “एक येतं ते अर्धवट, प्लेटांचं. ते सोडून द्या, ते शहरातल्या लोकांसाठी. दुसरं बटणाचं, हवेवर चालतं, त्याला पंप लागतो, नळ्या लागतात. तिसरं हे, आपोआप. याला बटण नाही, दांडा नाही, पंप नाही. पायाने ताकद दिली की लॉक, वळलात की मोकळं. डोकं लावायचंच नाही.”

“म्हणजे डोकं नसलेल्यांसाठी.”

सोफ्यावरचा एक हसला आणि मग आपण कोणत्या बाजूचे आहोत ते आठवून गप्प झाला.

“तसं नाही काका. सोयीचं.”

“बरं. एक सांगा. वाट घळीकडे कललेली आहे, वर ओला चिखल आहे, आणि मी हळूहळू आडवा चाललोय. तुमचं हे आपोआप तिथे काय करेल?”

“लॉक होईल. दोन्ही चाकं ओढतील.”

“आणि दोन्ही घसरली तर?”

“घसरतील कशी, लॉक आहे ना.”

“लॉक आहे म्हणूनच दोन्ही एकदम घसरतील,” मी म्हणालो. “मोकळ्या आखात एक चाक फिरतं आणि दुसरं जमीन धरून बसतं. ते बसलेलं चाक गाडीचं ढुंगण जागेवर ठेवतं. तुम्ही दोन्ही फिरवलीत की धरायला कोणी उरत नाही. गाडी पुढे जायच्या ऐवजी खाली जाते. खाली घळ आहे.”

प्रोफेसरने फिरणाऱ्या डिफरन्शियलकडे बघितलं, जणू तो उत्तर देईल. मग म्हणाला, “आपण दीडशे गाड्यांना हेच बसवलंय, काका. एकाचीही तक्रार नाही.”

“त्यातल्या किती गाड्या गाभण गाय बघायला जातात?”

त्याने माहितीपत्रक चाळलं, त्यात गाय नव्हती. मी मांडणीवरून नजर फिरवली. सगळ्यात खालच्या फळीवर धुळीने भरलेलं एक खोकं होतं. त्यावर एका लांब तारेचं आणि दांड्याचं चित्र.

“ते काय?”

“ते जुनं झालं हो. तारेचं. ड्रायव्हरने हाताने दांडा ओढायचा तेव्हा लॉक, सोडला की मोकळं. कोण ओढत बसणार? पडून आहे.”

मी खोकं तिथेच राहू दिलं. लॉक घ्यायचंच नाही असं माझं ठरलेलं होतं, मग कोणतं चांगलं हे त्याला कशाला शिकवा.

घरी आल्यावर कळलं की दुकानात जाणं हे नाटक होतं. जावईबापूंनी आपोआपचं लॉक आधीच घेतलेलं होतं. जेवणाच्या टेबलावर त्यांनी खोकं ठेवलं, वर लाल फीत बांधलेली. रविवारी दुपारी प्रोफेसरच्या दुकानात ते मागच्या आखात बसवायचं, असंही ठरवून झालं होतं.

“नव्या कामाची भेट,” ते मुलीला म्हणाले.

मुलीने खोक्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. तिला घरात सगळे चिंगी म्हणतात. गायीच्या पोटात खांद्यापर्यंत हात घालते, पण घरी चिंगीच.

“बाबा, तुमचं काय म्हणणं?”

“हे बसवलंस तर दुसऱ्या पावसात तिरपीवरून खाली जाशील.”

“मग दुसरं कोणतं?”

“कोणतंच नाही. तुझी आई बावीस वर्षं मोकळ्या आखावर गेली आणि आली. लॉक दाराला असतं. गाडीला डोकं लागतं.”

हे माझं जुनं वाक्य. गॅरेजात हमखास चालायचं. गिऱ्हाइकं हसायची, पुन्हा सांगा म्हणायची. चिंगी हसली नाही. ताटातला घास तिने खाली ठेवला आणि पाणी प्यायली.

“बाबा, आईंचं नशीब चांगलं होतं,” जावईबापू म्हणाले. “पण नशिबावर किती दिवस?”

“जावईबापू, नशिबाने बावीस वर्षं गाडी जात नाही. तुमची सासू गाडी चालवायची. तुम्ही गाडीत बसता, त्यात आणि यात फरक आहे.”

“चिंगीला उद्या काही झालं तर?”

“म्हणूनच म्हणतो, ते खोकं परत करा.”

“अहो पण मग काहीतरी करा ना. नुसतं नाही-नाही काय म्हणता?”

“रविवारी सकाळी तिरपीवर या,” मी म्हणालो. “तुमच्या गाडीला तेच आपोआप आहे ना मागे? तुम्ही तुमची आणा. आम्ही आमची आणतो. काय ते तिथेच बघू. दुपारी दुकानात जायचं की नाही ते मग ठरवा.”

चिंगी म्हणाली, “तुम्ही दोघं भांडून घ्या. सोमवारी चालवायची मला आहे.” आणि ताट उचलून आत गेली.

शनिवारी मी गाडी जॅकवर घेतली. पुढचं सगळं ठीक होतं. मागची चाकं काढली, ड्रम उघडले आणि मला एकट्यालाच हसू आलं. ब्रेकचे शू, म्हणजे ड्रमला आतून दाबून चाक थांबवणाऱ्या पट्ट्या, पार झिजलेले. हिच्या जाण्याच्या तीनच महिने आधी मी नवे टाकले होते.

आमच्या घरातला हा सगळ्यात जुना विनोद होता. ही हँडब्रेक सोडायला विसरायची. दर काही महिन्यांनी मागचे शू संपायचे आणि मी बदलायचो. नव्या नवलाईत मी समजावून सांगितलं, मग चिडलो, मग आमचे खटके उडाले, आणि शेवटी त्याचा विनोद झाला. “हँडब्रेक ओढून गाडी चालवतेस,” मी म्हणायचो. “हो, विसरले,” ही म्हणायची. कोणत्या वस्तीवरच्या कोणत्या गायीला कधी कोणती लस दिली हे हिला वही न उघडता सांगता यायचं, पण हँडब्रेक आठवायचा नाही. मी ते गॅरेजात सांगायचो. गिऱ्हाइकं मला विचारायची, काय, डॉक्टरीणबाईंचा हँडब्रेक काय म्हणतो? ही समोर असली तर तीही हसायची. हिला पोहोचवून आलो त्या दिवशी बसायला आलेल्या लोकांनाही मी हाच किस्सा सांगितला. लोकांना बरं वाटलं. अशा वेळी काय बोलावं ते लोकांना कळत नसतं, त्यांना असं काहीतरी लागतं. ते हसले याचा मला रागच आला होता. पण सांगितला मीच.

नवे शू टाकले, ड्रम बसवले, हँडब्रेकची तार ताणली. दाराशी हिचे रबरी बूट होते, ते चिंगीने गाडीत ठेवले. दोघींच्या पायाचं माप एकच.

रविवारी सकाळी आम्ही तिरपीच्या तोंडाशी पोहोचलो. जावईबापूंची गाडी धुतलेली होती. टपावर फावडं, दोर, दोन प्लास्टिकच्या लांब फळ्या, आणि काचेवर मंडळाचा बिल्ला. शुक्रवारी पाऊस झाला होता. वाट वरून वाळल्यासारखी दिसत होती, बोट रोवलं की आत लोणी.

“मी पुढे होतो,” जावईबापू म्हणाले.

“व्हा.”

ते निघाले. पहिली वीस पावलं बरी गेली. मग वाट कलली. त्यांनी थोडी ताकद वाढवली आणि आखातून टक असा आवाज आला. आपोआप लॉक लागलं. मागची दोन्ही चाकं एकदम फिरली, गाडीचं मागचं अंग अगदी शांतपणे, कुणी हात धरून नेल्यासारखं, घळीकडे सरकलं. त्यांनी पाय काढला तोवर उशीर झाला होता. नशीब, वाटेच्या कडेला एक मोठा धोंडा आहे. गाडी त्याला टेकून थांबली. मागचा दिवा फुटला.

मला आनंद झाला, हे लपवण्यात अर्थ नाही.

जावईबापू वरच्या दाराने चढून बाहेर आले. चेहरा पांढरा होता. धोंड्याच्या पलीकडे वाकून त्यांनी खाली बघितलं आणि मग बराच वेळ चिंगीकडे बघत राहिले.  मीच बोललो.

“आपोआप गेली बघा.”

“बाबा, पुरे,” चिंगी म्हणाली.

आता आमची पाळी होती. चिंगी चालवायला बसली, मी शेजारी. वाट तिरकी उभ्या असलेल्या त्या गाडीच्या वरच्या अंगाने जेमतेम मोकळी होती. “पहिलाच गिअर ठेव. दोन्ही हात स्टिअरिंगवर. पाय थरथरू देऊ नकोस,” मी सांगत होतो. मधेच वरच्या बाजूचं चाक जरा फिरलं, खालचं जमीन धरून राहिलं, आणि गाडी घळीकडे न सरकता तिरपी पार झाली. मी मान वळवून जावईबापूंकडे बघितलं. ते फुटलेल्या दिव्याचे तुकडे गोळा करत होते.

मग खड्डा आला.

चिंगीने गाडी आत घातली. पुढची चाकं चढली, मागचं डावं चाक चिखलात बसलं आणि गरागरा फिरायला लागलं. उजवं दगडावर. उभं.

“पाय हलका,” मी म्हणालो.

तिने हलका केला. चाक हळू फिरायला लागलं, एवढंच.

“मागे घे, मग पुढे. झोका दे.”

तिने झोका दिला. गाडी आणखी चार बोटं खाली बसली. तिचा डावा हात स्टिअरिंगवरून निघाला.

“दोन्ही हात वर,” मी म्हणालो. तिने हात परत वर ठेवला.

“ऊठ. मला दे.”

आम्ही जागा बदलल्या. चाळीस वर्षं मी आख उघडले, बसवले, लोकांना गाडी कशी चालवायची ते शिकवलं. या वाटेवर मी किती वेळा आलो होतो ते सांगतो. दोनदा. दोन्ही वेळा उन्हाळ्यात, दोन्ही वेळा ही चालवत होती. मी पाय हलका केला, जड केला, झोके दिले, चाकं डावी-उजवी फिरवली. चिखल उडून काच भरली. जावईबापू काठावर येऊन उभे राहिले. दोर आणू का, असं ते विचारत होते, आणि त्यांच्या आवाजात टोमणा नव्हता म्हणून मला जास्त लागलं.

“बाबा, उठा,” चिंगी म्हणाली.

“थांब.”

“उठा हो.”

मी उतरलो. ती बसली. उजव्या हाताने स्टिअरिंग धरलं. डाव्या हाताने हँडब्रेक धरला आणि हळूच वर ओढला. मला आवाज ऐकू आला. टक. टक. दोन खटके. मग तिने पाय दिला. चिखलातलं चाक फिरायचं मंदावलं, त्याला ब्रेकने धरून ठेवलं होतं. ताकद दुसरीकडे गेली. दगडावरच्या चाकाने एकदा दगड घासला, आणि गाडी बाहेर आली. बाहेर येताच तिने हँडब्रेक सोडला. मोजून चार सेकंद.

ही युक्ती मला माहीत नव्हती असं नाही. जुने ड्रायव्हर करायचे. माझ्याकडे असं कोणी आलं तर मी त्याला गाढव म्हणायचो, कारण त्याने शू झिजतात.

मी तसाच चिखलात उभा होतो. चिंगी गाडी बंद करून आली.

“हे कुणी शिकवलं?”

“आईने.”

“कधी?”

“गेल्या वर्षी. ऑपरेशननंतर तिचा डावा हात सुजायचा ना, ओढवायचा नाही. सुट्टी असली की मी बरोबर यायचे. ती चालवायची आणि मी शेजारून हँडब्रेक ओढायचे. ती मोजायची. एक, दोन, बास.”

“आणि तू नसायचीस तेव्हा?”

चिंगी बुटाने चिखल सारखा करत राहिली.

“मला का नाही सांगितलं?”

“तुम्हाला सांगितलं होतं तिने. मी शाळेत होते तेव्हा. खड्ड्यात चाक सुटतं, लॉक बसवून द्याल का, म्हणून विचारलं होतं. गॅरेजात चार माणसं होती. तुम्ही म्हणालात, लॉक दाराला असतं.”

मला ते आठवत नव्हतं. सगळे हसले असतील. हीही हसली असेल.

“मग परत विचारायचं.”

“मीपण तेच म्हणाले तिला. तर म्हणाली, एकदा विचारलं, झालं. आणि तुझ्या बाबांना सांगू नकोस, ते म्हणतील ब्रेक खराब करतेस. शू बदलू देत त्यांना. तेवढंच माझ्या गाडीकडे बघणं होतं त्यांचं.”

जावईबापू जरा लांब जाऊन उभे राहिले होते. एवढी अक्कल त्यांना होती.

हँडब्रेक ओढलेला विसरून गाडी मैलोन्मैल चालवली की ड्रम तापतो आणि निळा पडतो. शूवर काचेसारखी चकाकी येते. हे मी नवशिक्यालाही पहिल्या महिन्यात शिकवायचो. हिचा ड्रम कधी निळा पडला नाही. शूवर कधी चकाकी नव्हती. दर वेळी आत चिखलाची बारीक रेती असायची आणि शू खरवडल्यासारखे झिजलेले असायचे, थोड्या थोड्या वेळाने, जोर लावून. बावीस वर्षं ते माझ्या हातात होतं. दुसऱ्या कुणाच्या गाडीत दिसलं असतं तर मी अर्ध्या मिनिटात सांगितलं असतं की हा माणूस एकटा कुठेतरी अडकतो आणि एका हाताने स्वतःला बाहेर काढतो. हिच्या बाबतीत मी बघितलंच नाही, कारण ही विसरभोळी आहे हे माझं आधीच ठरलेलं होतं. आणि तो विनोद चांगला चालत होता.

जावईबापूंना आख कळत नाही, वाट कळत नाही, ते गाडी धुऊन चिखलात जातात. पण बायको त्या वाटेने जाणार म्हटल्यावर ते एक खोकं घेऊन आले. खोकं चुकीचं होतं. मला बरोबर खोकं माहीत होतं, बसवायला हात होते, गॅरेज होतं, आणि बावीस वर्षं होती.

आम्ही दोर लावून त्यांची गाडी धोंड्यापासून वर घेतली. मग मी म्हणालो, “दुकान किती वाजता उघडतं?”

“आज दुपारी उघडणार आहे, आपल्यासाठी. पण बाबा, ते मी परत करतो. तुमचं बरोबर होतं.”

“माझं काय बरोबर होतं ते राहू द्या. चला.”

प्रोफेसरच्या दुकानात निळ्या दिव्यांची ती नवरी तशीच फिरत होती. मी वाकून खालच्या फळीवरचं खोकं स्वतःच ओढून काढलं.

“काका, ते तारेचं आहे,” प्रोफेसर म्हणाला.

“मला वाचता येतं.”

“आता कोणी ते वापरत नाही. दर वेळी हाताने ओढायचं, आठवणीने सोडायचं. विसरलं की संपलं.”

“आमच्या घरात कोणी विसरत नाही,” मी म्हणालो. हे वाक्य म्हणायला मला उशीर झाला होता, आणि ते म्हटलं कुणासमोर, तर या गुलाबी नखांसमोर.

“बसवून देऊ? आमचा माणूस आहे.”

“त्याला सोफ्यावर बसवा.”

त्याच दिवशी मी मागचा आख खाली घेतला. जावईबापूंना दिवा धरायला सांगितला. त्यांनी तो चुकीच्या बाजूने धरला, मी सांगितल्यावर बरोबर धरला. पाने देताना ते दोनदा चुकले, तिसऱ्यांदा चुकले नाहीत. आतलं जुनं काढून नवं बसवलं, दातांची फट मोजली, तार आखाच्या कवचापासून पुढे आणली. दांडा कुठे लावायचा यावर मी जरा वेळ घेतला. खोक्यातल्या कागदावर तो समोरच्या पट्टीत दाखवला होता. मी तो हँडब्रेकच्या शेजारी लावला आणि इतका हलका केला की दोन बोटांनी ओढता यावा. सुजलेल्या हातानेही.

“एवढा हलका कशाला?” जावईबापूंनी विचारलं.

“दिवा नीट धरा,” मी म्हणालो.

चिंगीला मी समोर बसवून सांगितलं. तिरपीवर मोकळं ठेवायचं, काही झालं तरी. खड्ड्याच्या तोंडाशी थांबायचं, दांडा ओढायचा, आत जायचं, बाहेर आलं की लगेच सोडायचा. हँडब्रेकला हात लावायचा नाही. तिने एकदा दांडा ओढून बघितला. खाली आखातून आवाज आला. टक. एकच.

सोमवारी ती गेली आणि परत आली. मंगळवारीही. दुसऱ्या आठवड्यात चांगला पाऊस झाला, तेव्हा मी फाटकाशी उभा राहिलो नाही, घरातच बसलो. पूर्वीही मी असंच करायचो. गाडी आत आल्याचा आवाज आला. चिंगी बूट दाराशी काढत म्हणाली, “सहज निघाली, बाबा.” आणि हात धुवायला गेली. नवव्या वस्तीवर कुणाच्या तरी म्हशीला जुळी झाली होती, ते ती आतून सांगत होती.

जावईबापू हल्ली अधूनमधून येतात आणि गाडीखाली काय करताय म्हणून विचारतात. त्यांच्या मंडळाचा बिल्ला अजून काचेवर आहे. गाडी अजूनही धुऊनच नेतात. काही गोष्टींना इलाज नसतो.

तीन महिने झाल्यावर सवयीप्रमाणे मी गाडी जॅकवर घेतली. मागची चाकं काढली. नवे शू आणून शेजारी ठेवले होते, खोक्यातून काढून, कागद सोडवून. ड्रम उघडले. आत थोडी धूळ होती. ती मी फडक्याने पुसली. तीन महिन्यांपूर्वी टाकलेले शू तसेच होते, कालच टाकल्यासारखे. मी दोन्ही बाजू बघितल्या, मग पुन्हा पहिली बघितली. करण्यासारखं काही नव्हतं. ड्रम बसवले, चाकं चढवली, नवे शू परत कागदात गुंडाळले आणि फळीवर ठेवून दिले.